शेवंतीवरचा आळ

शेवंती आली. जठारपेठेच्या चौकात एरवी केळीची गाडी उभी असते, तिथे परवा सकाळी दोन टोपल्या दिसल्या. एक पिवळी, एक पांढरी. वर ओलं फडकं, आणि फडक्याच्या कडेतून तो वास. थोडा कडू, थोडा औषधी, ओल्या पाल्यासारखा. इतरांना त्या वासानं स्वेटर उन्हात टाकायची, तुरीच्या शेंगा उकडायची आठवण होत असेल. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालू लागलो. चौदा वर्षं मी हेच करतो. सोबत कोणी असलं तर काहीतरी निमित्त काढतो. पलीकडे सावली आहे म्हणतो. थंडीच्या दिवसांत सावली कोणाला हवी असते, हे अजून तरी कोणी विचारलेलं नाही.

पण यंदा पलीकडे गेल्यावर पाय पुढे टाकवेना. कारण त्याच्या आदल्या आठवड्यात घडलं होतं.

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नर्स फॉर्म घेऊन आली. "आजोबा, कोणत्या औषधाची ॲलर्जी हाय का?" मी पाकिटातून कार्ड काढून दिलं. आमच्या मुलीनं, मेधानं, ते मला प्लास्टिकमध्ये बंद करून दिलेलं आहे. त्यावर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं आहे: निओमायसिन चालत नाही. मलम, पावडर, डोळ्यांचे थेंब, कानांचे थेंब, काहीही. नर्सनं ते दोनदा वाचलं. "बरं झालं सांगतलं जी. थेंबांत राहते ते कधी कधी. कसं समजलं तुमाले?"

आणि मी सांगितलं. हिवाळ्यात बोटांना भेगा पडायच्या, मी मलम चोळायचो, हात सुजले, अमरावतीला पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी झाली आणि मलमच चोर निघालं. ही गोष्ट मी छान सांगतो. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, गोष्ट कुठे थांबवायची, कुठे हशा घ्यायचा, हे मला कळतं. नर्स हसली. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थही हसले.

माझी पत्नी सुमती बाजूच्या स्टुलावर बसली होती. ती हसली नाही. घरी येताना ऑटोत ती एवढंच म्हणाली, "पुन्हा गाळलंत तिला."

"नर्सला काय करायचं होतं गोदाबाईशी?"

"नर्सला नाही. तुम्हाला करायचं होतं."

माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसरा मी मिटून घेतला.

ही ॲलर्जी म्हणजे तसा फार मोठा आजार नाही. कोणी तिच्यासाठी भेटायला येत नाही. पण ती सोबत राहते. दाढी करताना गालाला कापलं की न्हावी न विचारता बोटावर मलम घेतो, त्याचं मनगट मला धरावं लागतं. "सर, साधं हाय हे, लहान पोराईले लावतात," असं औषधाच्या दुकानातला मुलगा दर वेळी म्हणतो, आणि मी दर वेळी भिंग काढून ट्यूबवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत दुकानात उभा राहतो. मागचे लोक चुळबुळ करतात. एकदा लग्नात पायाला पत्रा लागला, तर वरपक्षाकडल्या एका डॉक्टरांनी प्रेमानं पावडर शिंपडली. मी नको नको म्हणेपर्यंत शिंपडूनही झाली. चौथ्या दिवशी घोटा भोपळ्यासारखा. तेव्हापासून मी आधी ओरडतो आणि मग नमस्कार करतो.

त्या एका औषधाचं नाव मी जगाला सांगत फिरतो. दुसरं नाव मात्र चौदा वर्षांत तोंडातून काढलं नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षीची शेवंती मला फुलाफुलानं आठवते. माझे वडील चांदूर रेल्वेला भिक्षुकी करत. आमच्या घरी देवाच्या फुलाचा वास घ्यायची बंदी होती. वास आधी देवाचा. नोकरीच्या काळात पूजा सुमतीच करायची. निवृत्त झाल्यावर मी ती हौसेनं अंगावर घेतली आणि वडिलांच्या वरताण करायला लागलो. ताम्हण, पळी, पंचपात्री, समया, सगळं रोज चिंचेनं घासायचं. पाण्यात हात, चिंचेत हात, राखेत हात. दिवाळी सरली, अकोल्याची ती कोरडी, ओठ फाडणारी थंडी सुरू झाली आणि माझ्या बोटांच्या टोकांना भेगा पडल्या. कपाटात मलमाची अर्धी ट्यूब होती. कुठल्या तरी जखमेसाठी कधी तरी आणलेली. मी ती देवघराच्या फळीवर ठेवली आणि पूजा झाली की सकाळ-संध्याकाळ चोळायला लागलो. कोणाला विचारलं नाही. मलम ते मलम.

फुलं गोदाबाई आणायची. मोर्णा नदीच्या पलीकडे तिच्या घरचा फुलांचा मळा होता. पन्नाशीची, काटक, डोक्यावर टोपली, कमरेला पदर खोचलेला. पळसाच्या पानात बांधून सुतानं गुंडाळलेला फुलपुडा ती आमच्या फाटकाच्या गजाला अडकवायची. पुडा ओला असायचा, आणि सकाळच्या उन्हात पळसाच्या पानावरून एकेक थेंब खाली फरशीवर पडायचा. मी फाटकाशी गेलो तर ती बोलल्याशिवाय जायची नाही.

"काय जी सर, आज उशिरा उठले का देव?"

"देव नाही, मी उठलो उशिरा."

"मंग ठीक हाय. देव उठेल असंन त त्याले आधी चहा पाजा, फुलं मंग."

सुमती आतून हसायची. मला ती थट्टा आवडायची, पण मी तसं दाखवायचो नाही. शाळेतली सवय.

दोन-तीन आठवड्यांत हातांना खाज सुटली. मग लाली, मग बारीक पाण्याचे फोड. तळव्यापासून मनगटापर्यंत कातडी सुजली, तडकली. मी आणखी मलम लावलं. रात्री कापसाचे मोजे हातात घालून झोपायचो. आणि त्याच सुमारास वर्तमानपत्रात भाज्यांवरच्या फवारणीबद्दल काहीतरी वाचलं.

एका सकाळी गोदाबाईनंच आधी विचारलं. "सर, हाताले काय झालं? लालेलाल दिसून राहिले."

"तुमच्या फुलांनी झालं," मी म्हणालो.

तिला ती थट्टाच वाटली. "फुलानं? देवाले नाही झालं काही, तुमालेच कसं झालं?"

शेजारच्या वहिनी सडा टाकत होत्या, त्या हसल्या. त्या हसल्या नसत्या तर पुढचं कदाचित घडलं नसतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. त्यांच्या डोक्यावर खापर फोडायची ही माझी दुसरी तऱ्हा. त्या हसल्या, आणि मला राग आला, एवढं खरं.

"हसण्यावारी नेऊ नका. काय फवारता तुम्ही फुलांवर?"

तिनं टोपली खाली ठेवली. "मावा पडला त निंबाचं पानी मारतो आमी. दुसरं काई नाई जी. हे पाहा माहे हात. पहाटीपासून याच हातानं तोडून राहिली."

तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. उन्हानं काळवंडलेले, नखांत माती, अंगठ्याला देठांचा हिरवा डाग. कातडी खरखरीत होती. पण एक फोड नव्हता, एक चट्टा नव्हता. मी विज्ञानाचा शिक्षक होतो. माझ्यापुढे पुरावा धरला होता, तोही मागितल्याशिवाय. मी त्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "तुम्हाला सवय झाली असेल."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. त्यात सगळं आलं: माझी शाळा, माझं घराणं, आणि फाटकाच्या आत उभं राहण्याची माझी सवय.

नंतर मेधाच्या मुलाच्या बारशासाठी आम्ही अमरावतीला दहा दिवस गेलो. मलमाची ट्यूब देवघराच्या फळीवरच राहिली. लेकीच्या घरी पूजा जावई करायचे, म्हणून फुलांनाही माझा हात लागला नाही. सुमतीनं खोबरेल तेल लावून दिलं. दहा दिवसांत हात निवळले, बाळाला घेता येण्याइतके मऊ झाले. मला तर खजिनाच सापडला. फुलं बंद, हात बरे. सिद्ध झालं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मगच निष्कर्ष काढायचा. हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर चौकट करून लिहीत असे. त्या दहा दिवसांत माझ्या बाबतीत दोन गोष्टी बदलल्या होत्या. सातवीतल्या पोरानंही हात वर करून सांगितलं असतं.

आम्ही परतलो ती दत्तजयंतीची सकाळ. आमच्या कॉलनीत दत्ताचं लहानसं देऊळ आहे. दर वर्षी गोदाबाई टोपलीभर शेवंती देवळात आपणहून द्यायची. खांबांना, चौकटीला, पालखीला पिवळ्या माळा लागायच्या. जन्म झाला, आरती झाली, आणि प्रसादाआधी दोन शब्द बोलायला मला माइक दिला. मी दत्तगुरूंवर बोललो, आणि मग हात वर केले. "हे पाहा. महिनाभर या हातांनी भात कालवता येत नव्हता. दहा दिवस फुलं बंद केली, बरे झाले. मी कोणाचं नाव घेत नाही. पण नदीपलीकडून जी फुलं आपल्या देवापुढे येतात, त्यांवर विष मारलेलं असतं. घरात लहान मुलं आहेत. विचार करा."

मी कोणाचं नाव घेत नाही. नाव घेतलं असतं तर कोणी तिच्या बाजूनं उभं तरी राहिलं असतं. टाळ्या पडल्या. देवळात टाळ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर पुडा होता. मी सुमतीला म्हणालो, "उद्यापासून नको म्हणून सांग तिला." ती पोहे परतत होती. "बोललात तुम्ही. सांगाही तुम्हीच." मी बाहेर गेलो. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, त्यात पुडा धरला, आणि अजून फाटकाशीच असलेल्या गोदाबाईसमोर केला.

ती माझ्याकडे पाहत नव्हती, त्या कागदाकडे पाहत होती.

"सतरा घरं होती जी माही या गल्लीत," ती म्हणाली. "वरून इथलोर येऊस्तोवर अकरानं नाही म्हटलं."

पुडा घेऊन ती गेली. पुढच्या घराच्या फाटकाशी ती क्षणभर थांबली, मग हाक न देताच पुढे निघाली.

संक्रांतीनंतर माझे हात पुन्हा सुजले. घरात फुलाची पाकळी नव्हती. मी देवाला नुसत्या अक्षता वाहत होतो, भांडी घासत होतो, मलम चोळत होतो. काही दिवस मी स्वतःला सांगितलं की जुन्या फुलांचा अंश देवघरात उरला असेल. आसनं उकळत्या पाण्यात घातली. फळी धुतली, धुताना ट्यूब उचलली आणि धुवून झाल्यावर पुन्हा तिथेच ठेवली.

शेवटी मेधानं मला अमरावतीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण, कमी बोलणाऱ्या बाई. "काय काय लावता?" मी खिशातून ट्यूब काढली. "कशाचा संशय आहे?" मी पिशवीतून बाजारातली शेवंती काढली. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेलं मला दिसतं आहे. त्यांनी माझ्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीत लहान लहान वाट्या, एकेका वाटीत एकेक पदार्थ. शेवंतीचा अर्कही. दोन दिवस आंघोळ नाही, पाठ टेकायची नाही. पट्ट्या काढल्या तेव्हा पाठ कोरी होती. मला वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाल्या, "घाई नको. काही गोष्टी उशिरा उठतात. दोन दिवसांनी या."

चौथ्या दिवशी एक डाग उठला होता. लाल, फुगलेला, नखाएवढा. मेधानं त्याचा फोटो काढून मला दाखवला. त्याच्या शेजारी शाईनं क्रमांक होता. क्रमांक निओमायसिनचा होता, तेच औषध माझ्या ट्यूबमध्ये होतं.

"आणि शेवंती?"

डॉक्टरांनी पाठीवर बोट टेकवलं. "इथे होती. काही नाही. स्वच्छ आहे."

मेधा हसली. "बाबा, म्हणजे तुम्ही रोज आजारच चोळत होता!" मीही हसलो. खरंच हलकं वाटलं. अकोल्याच्या बसमध्ये बसलो, बडनेरा मागे पडलं, आणि तेव्हा कुठे मला गोदाबाईचे ते पुढे धरलेले हात दिसले. पाठीवर डाग उठायला चार दिवस लागले होते. हा मूर्तिजापूर येईपर्यंत चांगला टरारून उठला.

कॉलनीत मी सांगितलं की एका औषधाची ॲलर्जी निघाली. लोक म्हणाले, "आणि फुलांचीही असेलच ना सर." मी मान हलवली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मान हलवली. हेच माझं खरं पाप. आधीचं सगळं अज्ञान होतं म्हणून सोडून देता आलं असतं. ही मान मी जाणूनबुजून हलवली. चौतीस वर्षं ज्याला सर म्हणतात, त्याचं चुकलं, हे लोकांना कळलं तर काय, एवढीच भीती होती. त्या एवढ्याशा भीतीसाठी मी एका बाईच्या फुलांवर विष राहू दिलं.

सुमती दर वर्षी शेवंती आली की एकदा विचारायची, "सांगितलं का?" मी म्हणायचो, "सांगू." पाच-सहा वर्षांनी तिनं विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

म्हणून या वर्षी ऑटोतून उतरल्यावर मी ठरवलं की लिहायचं. पट्टी निघाल्यावर टेबलाशी बसलो. सुमतीनं चहा ठेवला, कागदाकडे पाहिलं. "कोणासाठी लिहिताय?"

"गोदाबाईसाठी."

"ती वाचते का?"

मी पेन खाली ठेवलं.

मोर्णेचा पूल ओलांडून मी मळ्यात गेलो. शेवंती दिसेल म्हणून मन घट्ट करून गेलो होतो. शेवंती नव्हती. मेथी होती, पालक होता, सांबार म्हणजे कोथिंबीर होती. बांधावर गोदाबाई जुड्या बांधत बसली होती. केस पांढरे, हात तसेच.

"सर ना जी? या. डोळ्याले काय झालं?"

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मलम, अमरावती, पाठीवरचा डाग, शेवंतीची कोरी जागा, हलवलेली मान. माझा आवाज वर्गातल्यासारखा मोठा होत होता, तो मला आवरत नव्हता. ती जुड्या बांधत राहिली.

"माईत हाय मले," ती म्हणाली. "बाईनं सांगतलं होतं. त्याच सालच्या उन्हाळ्यात. भाजी बाजारात भेटल्या, रडून राहिल्या होत्या बिचाऱ्या."

सुमती. चौदा वर्षं तिनं मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी काहून बोलू जी? बोलले तुमी होते."

मी शेवंतीबद्दल विचारलं. ती मेथीकडे पाहत म्हणाली, "मोडली. दुसऱ्या सालीच. फुलाले नाव लागलं का कोनी घेत नाही. इकडून तिकडं गोष्ट गेली, देवळावाले नाही म्हनत, लग्नावाले नाही म्हनत. भाजी बरी. धुऊन खातात लोकं, विचारत नाहीत."

मी हात जोडले. "माफ करा मला."

तिनं जुडीची गाठ दातानं ओढली. "मले कायले सांगता, सर? मले त माईत हाय. ज्याईले माईत नाही त्याईले सांगा."

मग तिनं मेथीची एक जुडी माझ्या हातात दिली. "बाईले द्या." जुडी मी कागदाशिवाय धरली. ओली, थंड.

काल दत्तजयंती होती. मी स्वतःच माइक मागितला. देऊळ आता मोठं झालं आहे, फरशी नवी, माळा प्लास्टिकच्या. मी जे वर लिहिलं आहे तेच बोललो, आणि या वेळी नाव घेतलं. गोदाबाई. नदीपलीकडची. तिच्या फुलांत काही नव्हतं. खोट माझ्यात होती. मी चुकलो होतो, आणि चुकलो हे कळल्यावर गप्प बसलो. सुमती बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती. तिनं मान खाली घातली नाही.

मी शिक्षेची वाट पाहत होतो. निदान कोणी तोंड फिरवेल, जुने लोक कुजबुजतील. जुने लोक तरी किती उरलेत? कोणी मुलाकडे पुण्याला गेले, कोणी वर गेले. सडा टाकणाऱ्या वहिनींना आता ऐकू येत नाही. प्रसादाची रांग लागली. समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेला तरुण द्रोण घेऊन माझ्याजवळ आला. चेहऱ्यावर आदर होता.

"छान बोलले सर," तो म्हणाला. "पण गोदाबाई कोण?"

माझ्या हातात शिरा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. कोणाला आठवत नव्हतं. मी लावलेला आळ सगळे विसरले होते. फक्त फुलं घेणं बंद झालं ते बंदच राहिलं होतं. लक्षात ठेवायचं काम तिच्या एकटीवर पडलं होतं, मोडलेल्या शेवंतीच्या वाफ्यांसकट.

"बसा," मी त्याला म्हणालो. खांबाशी दोघं टेकलो. आजूबाजूला आणखी दोन-तीन जण थांबले. मी द्रोण खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो: आपल्या या गल्लीत सतरा घरांना एक बाई रोज सकाळी फुलं घालायची.